ट्रॉलीच्या पासिंगचा दिवस

ट्रॉलीलाही नंबर लागतो, हे आमच्याकडं कुणाच्या गावी नसतं. वेल्डिंगवाल्याकडून ट्रॉली आणायची, नारळ फोडायचा, ऊस भरायचा, झालं. आप्पांनी, म्हंजी माझ्या वडलांनी, मात्र हट्ट धरला. पासिंग झाल्याबिगर नवी ट्रॉली फडात जाणार न्हाई. कारखाना सुरू झालेला, निमोण्यात ज्याच्या त्याच्या खेपा चालू, आन् आमची अंगणात उभी. मी वैतागलो होतो, पण बोलायची सोय नव्हती. आदल्या हंगामात माझा धाकटा भाऊ मोटारसायकलवर न्हावऱ्याकडनं येताना, अंधारात पंक्चर होऊन उभ्या असलेल्या ट्रॉलीवर मागून आदळला. जागीच गेला. लोक जमेपर्यंत ट्रॉली पसार. कुणाची होती ते शेवटपर्यंत कळलं न्हाई, कारण तिला नंबरच नव्हता.

शिरूरला पासिंगच्या साहेबांनी चासी नंबर बघितला, जोडाची कडी हलवून बघितली, मग ट्रॉलीभोवती फेरी मारताना थांबले. आप्पांनी चारी बाजूंनी लाल रेडियमच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. पुढंसुद्धा.

"मामा, लाल फक्त मागं. पुढं पांढरं, बाजूला पिवळं. काढा हे."

"असू द्या की साहेब. जास्त दिसंल."

"अहो, समोरच्याला कळणार न्हाई तुम्ही येताय का जाताय."

आप्पा मुकाट्यानं नखांनी पट्ट्या खरवडायला लागले. मी चडफडत बाजारातनं दुसरं रेडियम आणलं. सगळं होईपर्यंत ऊन उतरलं, पण पास झाली. सुटलो एकदाचे, असं मला वाटलं.

येताना अंधार पडायला लागला, आन् पुढं उसानं गच्च भरलेली एक ट्रॉली लागली. मागं दिवा न्हाई, रेडियम न्हाई, नंबर तर सोडाच. रस्ता मोकळा होता. मी ट्रॅक्टरच्या मडगार्डवरनं म्हणालो, "घ्या पुढं." आप्पांनी उलट वेग कमी केला आन् तिच्या मागं मागं राहिले. पोटात कावळे ओरडत होते. मला रागच आला.

"आप्पा, आपला फाटा."

"दिसला मला."

फाटा मागं पडला. ती ट्रॉली दौंडच्या अंगाला कारखान्याकडं चाललेली, आन् तिच्या मागं आम्ही, रिकामे. मागून मोटारसायकली यायच्या, आमचं लाल रेडियम चमकलं की लांबूनच वेग कमी करायच्या, बाजूनं निघून जायच्या. आप्पा दर वेळी मान वळवून त्या पोरांकडं बघायचे. कारखान्याचं गेट येईस्तोवर मग मीबी मान वळवून मागं बघत राहिलो.