तपकिरी, बिनआट्याचा, दुर्मीळ

टीव्हीच्या खालच्या ज्या काचेच्या कपाटात सभ्य माणसं ट्रॉफ्या ठेवतात, तिथे आमच्या मुलुंडच्या घरात मी खांबांवरचे जुने इन्सुलेटर ठेवतो.

(पाहिले नसतील त्यांच्यासाठी: पूर्वी तारायंत्राच्या आणि टेलिफोनच्या तारा खांबावर चिनी मातीच्या ज्या पांढऱ्या बोंडांना बांधायचे, ती बोंडं. आमची ही त्यांना ‘तुमचे उपडे कप’ म्हणते.)

साकीनाक्याच्या भंगारवाल्यांकडून मी ते आणतो आणि ओळखतो. ओळखण्याचं शास्त्र आहे. मानेला एक खाच असेल तर तारायंत्राचा, दोन असतील तर टेलिफोनचा. आत आटे नसतील तर फारच जुना. हे नियम मी इंटरनेटवरून पाठ केले आणि तेव्हापासून एकही इन्सुलेटर मला छातीठोकपणे ओळखता आलेला नाही. खाच एक की दीड, इथेच माझी गाडी अडते.

मागच्या महिन्यात सगळा माल लिंबू लावून घासला आणि ओट्यावर भांड्यांशेजारी वाळत ठेवला. उचलताना त्यात एक निराळाच निघाला. तपकिरी, बसका, वर गोंडा, खाली झालर, आटे नाहीत. कुठून आणला ते आठवेना. आमच्या संग्राहकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला. एक म्हणाला रेल्वेचा, दुसरा म्हणाला ब्रह्मदेशाचा, तिसऱ्याने विचारलं, “साबण ठेवता का यात?” त्याला मी ब्लॉक केलं आणि तपकिरी नमुना मधोमध मांडला.

त्यातच आमच्या मुग्धाचं जमलं. मुलगा बोरिवलीचा, अनिकेत. त्याचे आईवडील घर बघायला म्हणून जेवायला येणार होते.

“बाबा, त्याच्या आईने अजून हो म्हटलेलं नाहीये,” मुग्धा म्हणाली. “त्याचे वडील टेलिफोन खात्यातून रिटायर झालेत, पण प्लीज, तुमचे कप काढू नका.”

मला ऐकू आलं ते फक्त टेलिफोन खातं.

अनिकेतचे वडील, परबसाहेब, सोफ्यावर टेकतात न टेकतात तोच मी तपकिरी नमुना त्यांच्या हातात दिला. मुग्धाने डोळे मिटून घेतले.

“तुम्ही खात्यातले,” मी म्हटलं. “तुम्हीच सांगा आता.”

परबसाहेबांनी तो उलटा केला, सुलटा केला, नखाने वाजवला, कानाला लावला. “लाइन जुनी आहे,” ते म्हणाले.

“तारेची की टेलिफोनची?”

“दोन्हीच्या मधली.”

असा काळ होता हेच मला माहीत नव्हतं. “समुद्राकाठची असेल का?” मी विचारलं.

“अर्थात. झालर बघा ना. खारा वारा अडवायला.” त्यांनी वास घेतला. “अजून खारट येतोय.”

मीही घेतला. खरंच खारट. वर थोडी मोहरीही. (समुद्राला मोहरीचा वास का यावा, हा प्रश्न मला पडला होता. पण खात्याच्या माणसापुढे कशाला विचारा!)

तेवढ्यात माझी आई लोणच्याची बरणी घेऊन आली. बरणीच्या तोंडावर पांढरं काहीतरी उपडं होतं.

“आजी, झाकण छान आहे हो,” परबसाहेब म्हणाले. “साधंच, पण छान.”

आई त्यांच्या हाताकडे बघत होती.

“अरे मेल्या,” ती मला म्हणाली, “ह्यां माझ्या बरणीचां झाकान. सगळां घर पालथां घातलंय मी ह्याच्यापायी.”

तिने परबसाहेबांच्या हातातून दुर्मीळ नमुना काढून घेतला, बरणीवर बसवला. टक्कन बसला. बरणीवरून काढलेलं पांढरं बोंड माझ्या मांडीवर ठेवलं. एक खाच, आत आटे, तळाशी लोणच्याचं तेल.

परबसाहेब पंख्याकडे बघू लागले. मी त्यांच्याकडे बघू लागलो.

“हे टेलिफोनमध्ये होते खरे,” परबवहिनी शांतपणे म्हणाल्या, “पण पगाराच्या टेबलावर. खांब सोडा, घरात स्टुलावर चढत नाहीत.” मग त्या मुग्धाकडे वळल्या. घरातली सगळी हवा तिथेच थांबली. “का गं, तुझे बाबा रोज असेच असतात?”

“रोज,” मुग्धा खाली बघत म्हणाली.

“मग तू काय करतेस?”

“हो हो म्हणते आणि आतल्या खोलीत जाते.”

“बस, माझ्याकडून होकार,” वहिनी म्हणाल्या. “मला एकच धास्ती होती, नव्या मुलीला आमचे हे कसे झेपतील. हिला तर काही शिकवायलाच नको.”

बापाने मुलीला काय दिलं, हे लग्नात नातेवाईक विचारतातच. मी ताठ मानेने सांगणार आहे: माझ्याबरोबर राहण्याचा अनुभव.