भानुदासचा परत आलेला नारळ

आमच्या शेजारचा भानुदास कुबल पाच दिवस सॉफ्टवेअरमधल्या चुका काढायचा पगार घेतो आणि रविवारी माणसांमधल्या चुका फुकटात काढतो.

टोकियोतल्या आमच्या हिगाशी-कसाईहून सायकल मारली की वीस मिनिटांत समुद्र लागतो. तिथे ओहोटीला उघडं पडणारं एक खाजण आहे. चिखल्या, तुतवार असल्या पाखरांची ती खानावळच. नियम दोनच : इथून काही न्यायचं नाही, इथे काही टाकायचं नाही. ते पाळले जातात का हे बघायला हौशी राखणदारांचं एक मंडळ आहे. त्यात सगळे जपानी आजी-आजोबा, आणि मधोमध पिवळी दंडपट्टी लावलेला आमचा मालवणचा भानुदास. पट्टी दंडावर चढली की हा पाच फूट चार इंचांचा माणूस सहा फुटी होतो. कुणी पाखरांना पावाचा तुकडा टाकला, की वाकून नमस्कार करतो, नियम पाठ म्हणतो आणि वहीत नाव लिहून घेतो. ती वहीसुद्धा त्याच्याच ताब्यात.

सप्टेंबरात तो मंडळाचा उपप्रमुख होणार होता. पहिला परदेशी उपप्रमुख! त्याने हे मला लिफ्टमध्ये तीनदा सांगितलं होतं. लिफ्ट चारच मजल्यांची आहे.

आणि मग आली नारळी पौर्णिमा. शनिवार होता. सकाळीच मालवणहून आईचा फोन.

"भानू, दर्याक नारळ दिलंस?"

"आई, इथे पाण्यात काही टाकायला बंदी आहे."

"बंदी तुमच्या सरकाराची. दर्यो खंयचोय एकच."

चौदा वर्षं हा माणूस सबबी सांगत आला होता. त्या दिवशी आईच्या आवाजात काय होतं कोण जाणे, संध्याकाळी त्याने भारतीय दुकानातला नारळ पिशवीत घातला, पट्टी घरी ठेवली आणि सायकल काढली. वर्षाची भरती-ओहोटी तोंडपाठ असलेल्या या गृहस्थाने घाबरून नारळ टाकला तो भरती चढत असताना. भरतीने काय करावं? आणून दिला परत.

रविवारी ओहोटीच्या वेळी मंडळाची फेरी होती. मीही गेले होते, पाखरं बघायला (म्हणजे माणसं बघायला). मंडळाच्या प्रमुख मुराता-सान, वय अठ्ठ्याहत्तर, शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्या एकदम चिखलात गुडघ्यांवर बसल्या.

"नारळ! दक्षिण समुद्रातून वाहत आलाय! चाळीस वर्षं मी याची वाट बघतेय!"

गळ्यातल्या टॉवेलात त्यांनी तो तान्ह्या बाळासारखा गुंडाळला. मंडळाच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात ठेवायचं ठरलं, खाली पाटी : 'दूरदेशीचा पाहुणा'. गुरुवारी संग्रहालयातले तज्ज्ञ येणार होते. मी भानुदासकडे पाहिलं. त्याच्या तोंडाचा रंग आमसुलाच्या पाण्यासारखा झाला होता.

संध्याकाळी तो आणि त्याची बायको नुपूर माझ्या स्वयंपाकघरात.

"वहिनी, काय करू?"

"गप्प बस आणि उपप्रमुख हो. पाहुणा तरी खोटा कुठेय? कोचीपासून आलाच ना, विमानाने."

"अहो वहिनी, शेंडी ठेवून सोललेला नारळ आहे तो," नुपूर म्हणाली. "सात समुद्र पोहून येताना वाटेत न्हाव्याकडे थांबला होता काय? तज्ज्ञ एका नजरेत ओळखतील. आणि हसतील ते मुराता-सानना."

त्यावर तो म्हणाला, "मला हसले तर चालेल."

बुधवारी तो मंडळाच्या खोलीत मुराता-सानकडे गेला. धीर द्यायला म्हणून मीही गेले. असा प्रसंग कोण सोडतो? भानुदास कमरेत काटकोन करून वाकला आणि तसाच वाकलेला सगळं सांगत राहिला. आई, पौर्णिमा, भरती. मुराता-सान ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी कपाट उघडून ती पाटी काढली आणि दोनदा घडी घालून खिशात ठेवली. तेवढ्यापुरतं मलाही हसू आलं नाही, खरं सांगते.

"नियम काय म्हणतो, कुबल-सान?"

"टाकणाऱ्याचं नाव वहीत. राखणदार असेल तर पट्टी एक वर्ष जमा. टाकलेली वस्तू ज्याची त्याने परत न्यायची."

"मग लिहा."

आणि त्याने आपल्याच वहीत, आपल्याच सुबक अक्षरात लिहिलं : कुबल भानुदास, वय त्रेचाळीस, नारळ एक. पट्टी काढून टेबलावर ठेवली.

"पण समुद्राला नारळ देता कशाला?" मुराता-साननी विचारलं.

"पावसाळ्यात आमच्याकडे होड्या बंद असतात. मासळीची वीण असते. त्यानंतर नारळ देऊन मगच जाळी टाकायची."

"आणि आधी कुणी टाकली तर नाव कोण लिहितं?"

"लिहीत नाही कुणी. आईला कळतं."

मुराता-सान पहिल्यांदा हसल्या. पट्टी मात्र टेबलावरच राहिली.

घरी आल्यावर नवीन पंचाईत. समुद्राला दिलेला नारळ घरात कसा ठेवायचा? फोन लावला. आईने निकाल दिला, "दर्यान परत दिल्यान म्हणजे परसाद तो. फोड नि खा." नुपूरने नारळीभात केला. मी दोनदा वाढून घेतला. भानुदासने एक डबा मुराता-सानकडे पोचवला. त्यांनी तो खाजणापासून लांब, घरी बसून खाल्ला म्हणे.

सप्टेंबरात उपप्रमुख दुसरेच कुणी झाले. भानुदास रविवारी पट्टीशिवाय जातो, कचरा वेचतो आणि नाव लिहायला दुसऱ्याला हाक मारतो. खाजणाच्या फलकावर 'टाकू नये' या यादीत पाव, फटाके आणि आमिष यांच्याखाली आता एक नवीन चित्र आहे, शेंडीसकट. येणारेजाणारे जपानी तिथे थांबतात आणि एकमेकांना विचारतात, टोकियोत नारळ कोण टाकणार? मी शेजारी उभी राहून पाखरं बघते. कुणाला काही सांगितलेलं नाही. तुम्हालाच काय ते सांगतेय.