सातव्या दरवाज्यावरचा प्रश्न

भाचीला आमच्याकडे आणलं तेव्हा ती नऊ वर्षं दोन महिन्यांची होती. घरोघरी फोन यायच्या आधीची गोष्ट. तिचे आईबाप अपघातात गेले, त्यातच तिचा पाय मोडला आणि हाड वाकडं जुळलं. सावंगीच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. आणखी उशीर केला तर पाय कायमचा आखूड राहील, असं ते म्हणाले.

आमच्या सेलूत कोणीही लेकराला अडवून विचारतं, 'कोणाची गं तू?' त्यात वाईट हेतू नसतो. पण तो प्रश्न आला की ती माझ्यामागे लपायची. ऑपरेशनच्या दिवशी थिएटरच्या दाराशी नर्सने सहज तेच विचारलं. ती चाकाच्या खुर्चीतून उतरली, लंगडत गेली आणि भिंतीला चिकटली. कोणाचंच ऐकेना. तारीख अकरा दिवस पुढे गेली.

मधल्या तपासण्यांना आम्ही तीन वेळा एसटीने गेलो. वाटेत मी तिला गोष्ट सांगू लागलो. ढगांपलीकडचं राज्य, सात दरवाजे, आईबाप नसलेली नऊ वर्षांची मुलगी. एक दरवाजा ओलांडला की ती एका वर्षाने मोठी होते. पहारेकरी कधी पगडीवाला वाघ, कधी चालतं चिंचेचं झाड; पण विचारतो एकच, कोणाची तू? सहा जणांना तिने चकवलं. सातव्याला चकवता येत नाही, असं मी बोलून बसलो आणि पुढचं मला सुचेना. काहीतरी ठोकून देणंही शक्य नव्हतं. वाघाच्या शेपटीला मागच्या वेळी तीनच गाठी होत्या, हे भाचीने मला आधीच सुनावलं होतं.

अकराव्या दिवशी पुन्हा तेच दार. तिने माझी बाही घट्ट धरली.

"मामा, सातव्यावर थे पोरगी काय म्हणते?"

"मले मालूम नाई," मी म्हणालो. "खूप इचार केला."

"तुमालेच मालूम नाई?"

तिच्या चेहऱ्यावर भीतीपेक्षा राग जास्त दिसत होता. नर्सने या खेपेला मुद्दाम काहीच विचारलं नव्हतं. भाचीच तिच्याकडे वळली.

"मले इचारा न."

नर्सने आधी माझ्याकडे पाहिलं, मग हळू आवाजात तेच विचारलं.

"आईबाबाची," भाची म्हणाली. "मामाकडे राह्यते."

आणि माझी बाही सोडली.

दार दोन तास चाळीस मिनिटं बंद होतं. बाहेर आणल्यावर, अर्धवट गुंगीत, तिने विचारलं की गोष्टीतली मुलगी आता किती वर्षांची झाली. मी मनात पुन्हा एकदा बेरीज तपासली आणि सांगितलं, सोळा.