रंगाच्या कढीपत्त्याचं छप्पर

उज्ज्वलाचा फोन आला तेव्हा बुधवारची दुपार होती आणि मी कॅमेरा बंद करून एका ऑनलाइन मीटिंगमध्ये पोळीभाजी खात होतो. "अवि, उद्या गाडी काढू नकोस," एवढंच ती म्हणाली. मला वाटलं, हॉस्पिटलने वेळ बदलली असेल. म्हणून मी मूर्खासारखं विचारलं, "मग कितीला येऊ?" मग तिची मुलगी सई फोनवर आली. "काका, बाबा इज गॉन. सकाळीच. हार्ट." तिचा आवाज अगदी सरळ होता, एखादा निरोप वाचून दाखवावा तसा. मी "हो, हो" म्हणालो, फोन ठेवला आणि पुढची पाच मिनिटं त्या मीटिंगमध्ये कोणीतरी दाखवत असलेला तक्ता बघत बसलो.

उज्ज्वलाचा नवरा श्रीरंग, म्हणजे आमचा रंगा, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जायचा. मंगळवारी उज्ज्वला न्यायची, शनिवारी सई, गुरुवार माझा. आमच्या वेरिबीत, म्हणजे मेलबर्नच्या ह्या टोकाला, हॉस्पिटल आहे, पण डायलिसिसच्या खुर्च्या मोजक्या आणि त्यांच्यासाठी रांग मोठी. त्यामुळे त्याला थेट शहराच्या पलीकडच्या टोकाला खुर्ची मिळाली होती. पहाटे उठायचं, फ्रीवेवर गोगलगायीच्या गतीने सरकायचं, चार-पाच तास सुया टोचून पडायचं आणि पुन्हा तोच फ्रीवे. माणूस आजाराने दमायचा त्याहून जास्त रस्त्याने दमायचा. डॉक्टर नंतर म्हणाले, हृदय आधीच थकलेलं होतं, कशामुळे काय झालं ते सांगता येत नाही. ठीक आहे, डॉक्टरांना सांगता येत नसेल. मला येतं.

आमची ओळख एका रिकाम्या घराच्या दारात झाली. भाड्याचं घर बघायला इथे रांग लागते, त्या रांगेत रंगा माझ्यापुढे होता. घर त्याला मिळालं, मला नाही. मी तोंड वाकडं करून निघालो तर मागून हाक आली, "पुण्याचे का तुम्ही? चेहऱ्यावर अपमान पुण्याचा दिसतोय." मग त्याच घरात पुढच्या खोलीत मी आणि माझी बायको दीड महिना राहिलो. भाडं घेईना. म्हणाला, "तू भांडी घास, तुझी घासणी चांगली आहे." अशी ही मैत्री, दोन तपांहून जास्त टिकली.

रंगाने सगळी नोकरी राज्य सरकारच्या ट्रेझरीत, म्हणजे अर्थखात्यात केली. सरकार कर्ज कसं काढतं, कोणाकडून, कशासाठी, हे त्याने आयुष्यभर पाहिलं. सरकारबद्दल त्याला मुळीच प्रेम नव्हतं. "फालतू कामांसाठी काढलेल्या कर्जांचे कागद माझ्याच टेबलावरून गेलेत," असं तो सांगायचा. पण राजकारण्यांनी टीव्हीवर येऊन 'घर चालवतो तसं राज्य चालवू' म्हटलं की त्याचा तोल जायचा. "हा स्वतःचं घर चालवतो का? ह्याचं घर ह्याची बायको चालवते!" सई खोलीतून ओरडायची, "बाबा, यू आर सिक, टर्न इट ऑफ!" तो आवाज अजून मोठा करायचा.

गेल्या गुढीपाडव्याच्या सुमारास राज्यात तो तमाशा सुरू झाला. सरकारला कर्जाची मर्यादा वाढवून हवी होती, आणि वरच्या सभागृहात बहुमत असलेल्या विरोधकांनी ते विधेयक अडवून धरलं. निवडणूक जवळ येत होती, दुसरं कारण नव्हतं. त्या कर्जातून होणाऱ्या कामांत आमच्या हॉस्पिटलचा डायलिसिसचा नवा विभाग होता. पाया खणून झाला होता. रंगाचं नाव त्याच्या यादीत होतं, आणि घरापासून तिथे जायला दहा मिनिटं लागली असती. विधेयक अडल्यावर सरकारनेही काय करावं? हजार कामांतून नेमकी ती थांबवली जिथे फोटो चांगले येतील. हॉस्पिटल थांबवलं. मंत्र्यांच्या दालनांचं रंगकाम चालू राहिलं, असं रंगाचे जुने सहकारी सांगत. एकाने गळा धरायचा आणि दुसऱ्याने 'बघा, बघा, गळा धरला' म्हणून ओरडत बसायचं, सोडवायचं मात्र कोणीच नाही.

आणि लोक? लोकांना मजा वाटत होती. बातम्यांत कोपऱ्यात घड्याळ लावलं होतं, पैसे संपायला किती दिवस उरले त्याचं. आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर रोज ज्ञान वाहत होतं. ज्यांनी तीस-तीस वर्षांची कर्जं काढून चार-चार खोल्यांचे बंगले घेतले, ते लिहीत होते, 'कर्ज म्हणजे गळफास.' आपल्याकडे कर्जाची लाज बाळकडूतच मिळते. ती इथे विमानातून बरोबर आली आणि तिने थेट राज्याचा कारभार हाती घेतला. त्या ज्ञानी लोकांत मी होतो. नुसता होतो असं नाही, पुढे होतो.

मंडळाच्या पाडव्याला विरोधी पक्षाचा आमच्या भागातला उमेदवार आला होता. इस्त्रीच्या घड्या न मोडलेला नवा कुर्ता, कपाळावर स्वतःच मागून घेतलेला टिळा. श्रीखंड हे डिप आहे असं समजून त्याने त्यात काकडी बुडवली आणि "अमेझिंग!" म्हणाला. आम्ही पन्नाशी-साठीची शिकलेली माणसं त्याच्याभोवती शाळेच्या पोरांसारखी उभी होतो. त्याने विचारलं, ऐपतीत राहावं असं तुमच्या भाषेत काही आहे का? मी सगळ्यांच्या आधी बोललो. अंथरूण पाहून पाय पसरावेत. अर्थ समजावला, हातवारे करून दाखवला, म्हण कागदावर सुवाच्य अक्षरात लिहूनही दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी येताना मला आपण कोणीतरी आहोत असं वाटत होतं. ती ऊब मला अजून आठवते आणि अंगावर काटा येतो.

महिन्याभरात वेरिबीच्या चौकाचौकांत प्लास्टिकचे फलक लागले. एका बाजूला त्याचं हसू, शेजारी देवनागरीत माझं वाक्य. गुरुवारी गाडीत बसल्या बसल्या रंगा सुरू व्हायचा. "अंथरूण! कुठल्या गाढवाने लिहून दिलंय रे हे? अरे, राज्याचं अंथरूण राज्यच विणतं! सरकार काही म्हातारं होऊन मरत नाही, अवि. माणूस मरतो. म्हणून माणसाने फेडून मरावं, आणि माणसं जगावीत म्हणून सरकारने काढावं. चांगल्या कामाला काढलंय ना, एवढं बघा की!" मी रस्त्याकडे बघत "हं" म्हणायचो. तो पुढे म्हणायचा, "आणि लिहिणारा मराठी आहे बरं का. उकार शुद्ध आहेत. शिकलेला गाढव आहे." मी हसायचोसुद्धा. सांगून टाकावं असं दर गुरुवारी वाटायचं, आणि दर गुरुवारी हॉस्पिटल यायचं.

एका गुरुवारी परतताना तो म्हणाला, "चल, माझी खुर्ची कुठवर आली बघू." वेरिबीच्या हॉस्पिटलच्या मागे पत्र्याचं कुंपण, कुलूप, आत पायाच्या खड्ड्यात साचलेलं पाणी आणि त्यात दोन बदकं. नेमका तिथे कॅमेरेवाल्यांचा घोळका होता. सकाळी सरकारचे नेते डोक्यावर हेल्मेट घालून बंद कुंपणासमोर दुःखी चेहरा करून गेले होते. आता त्याच कुंपणासमोर आमचा उमेदवार दुःखी होणार होता. बांधकाम नसलेल्या जागी हेल्मेट कशाला, हे एकाही पत्रकाराने विचारलं नाही. रंगा दमला होता, गाडीतच बसून राहिला. मी कुंपणाशी गेलो. उमेदवाराने मला ओळखलं आणि लांबूनच ओरडला, "एव्ही! मेट! हाउ गुड इज युवर लाइन! एव्हरीबडी लव्ह्ज द ब्लँकेट!" त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. मी चटकन मागे वळून पाहिलं. रंगाचे डोळे मिटलेले होते, मान सीटला टेकलेली. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

त्यानंतरच्या गुरुवारी रेडिओवर पुन्हा तीच भांडणं लागली होती. मी शिव्यांची वाट बघत होतो. रंगा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तुझ्या गाडीचा हीटर मस्त आहे रे." चौकातला फलक आला आणि गेला, तो काही बोलला नाही. पुढच्या गुरुवारीही नाही. मला वाटलं, कंटाळला असेल... शिव्या घालायलाही अंगात बळ लागतं.

जुलैत, इथली थंडी ऐन भरात असताना, दोन्ही बाजूंची एकदम तडजोड झाली. विधेयक होतं तसंच, स्वल्पविरामही न हलवता मंजूर झालं. दोघांनी हस्तांदोलन केलं आणि दोघांनी स्वतःचा विजय जाहीर केला. लोक दुसऱ्या दिवशी फुटीच्या, म्हणजे इथल्या फुटबॉलच्या, सामन्यांकडे वळले. डायलिसिसच्या विभागाचं काय, तर ठेकेदार दुसऱ्या कामावर निघून गेला होता, वेळापत्रकाचा 'फेरविचार' होणार होता. रंगाला मी ही बातमी सांगितली तेव्हा तो लालबुंद होईल असं वाटलं होतं. तो अंगणात कढीपत्त्याच्या कुंडीशी खुरपत होता. इथल्या थंडीत कढीपत्ता जगवणं ही आम्हा सगळ्यांचीच साधना, पण रंगाचं झाड कमरेइतकं वाढलेलं. वाऱ्याने पडलेले निवडणुकीचे फलक गोळा करून त्याने झाडाला तिन्ही बाजूंनी खोपटं केलं होतं. डावीकडे सरकारचे नेते, उजवीकडे विरोधकांचे, दोघंही खाली डोकं वर खांदे. "पहिल्यांदा कोणाच्या तरी उपयोगी पडताहेत," तो म्हणाला. फाटकाकडच्या बाजूला एक कोरा पांढरा फलक होता. आम्ही खूप हसलो. त्याचं मला आठवणारं शेवटचं मोठं हसू ते. पुढे तीन गुरुवार झाले.

तेरावा झाल्यावर उज्ज्वला म्हणाली, "कढीपत्ता तू घेऊन जा. माझ्याच्याने त्याच्याकडे बघवत नाही." मी पक्कड घेऊन खोपट्याच्या तारा सोडवायला बसलो. पांढरा फलक सोडवून उलटा केला. आतल्या बाजूला उमेदवाराचं हसू होतं, आणि त्याच्या शेजारी माझं वाक्य, शुद्ध उकारांसकट.

"हा एकटाच असा आत तोंड करून का लावला?" मी विचारलं. विचारताना उत्तर मला माहीत होतं.

उज्ज्वला दारात उभी होती. "त्या दिवशी गाडीची काच खाली होती, अवि," ती म्हणाली. "हा फलक लावताना मी त्याला म्हटलं, रस्त्याकडे तोंड करून लाव, सगळ्या गावाला दिसू दे. तर म्हणाला, नको, गुरुवारी अवि ह्याच फाटकातून येतो."

मी त्या कुंडीशी बसून राहिलो. ह्या सगळ्या प्रकरणात ज्यांना मी नावं ठेवली, त्या नेत्यांना, त्या कॅमेरेवाल्यांना, घड्याळ बघत बसलेल्या लोकांना, त्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही. पण त्यांच्यापैकी कोणीही रंगाच्या शेजारी बसून, त्याच्यासाठी हीटर लावून, गप्प राहिलं नव्हतं. ते मी केलं.

कढीपत्ता आता माझ्याकडे आहे. पहाटे अजून दव गोठतं, त्यामुळे खोपटं लागतंच. दोन्ही नेते रंगाने लावले होते तसेच आहेत, डोकी खाली. तिसरा फलक मी उलटवला. त्याचं तोंड माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे केलं आहे. गुरुवारी जाग अजून लवकरच येते. चहा ठेवतो, आणि पाणी उकळेपर्यंत ते वाक्य वाचत उभा राहतो.