तोल गेला म्हणे
हाडांच्या वॉर्डात सगळे तिला थोरल्या सिस्टर म्हणायचे. चोवीस वर्षांची नोकरी. जिभेला तिखट, पण हाताला इतकी हलकी की इंजेक्शनसाठी पेशंट तिच्या ड्युटीची वाट बघत. सुई टोचून झाल्यावरही कोणी डोळे मिटून बसला की ती म्हणायची, "झालं पण, बाबा. रडायचं राहिलं असेल तर आता रडून घ्या."

सात नंबरच्या खाटेवर एक म्हातारा गवंडी होता. परांचीवरून पडून त्याच्या मांडीचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं गेलं होतं. तिसऱ्या वेळीही तो सकाळपासून उपाशी होता, आणि दुपारी, नेमकी भेटायला येणाऱ्यांची वेळ असताना, मोठ्या डॉक्टरांचा फोन आला. आज जमणार नाही, नातेवाइकांना तुम्हीच सांगा.

तिने सांगितलं. म्हाताऱ्याचा मुलगा पुढे आला. त्याने तिचा उजवा हात धरून पिरगळला आणि तिला खाटेच्या लोखंडी दांड्यावर ढकललं. मनगटात काहीतरी कट्कन वाजलं. ज्युनिअर डॉक्टर ड्रेसिंगच्या खोलीत होता. त्याने आतून कडी लावलेली तिने पडल्या पडल्या ऐकली. मधे पडली ती एकटी वॉर्डातली मावशी, हातातल्या फरशीच्या पोछ्यासकट.

मेट्रन धावत आली. दोघी एकाच बॅचच्या. तीन वर्षं होस्टेलच्या एका खोलीत काढलेल्या, एकमेकींच्या बाळंतपणात उशाशी बसलेल्या. मेट्रननेच तिचा हात झोळीत बांधला. "तू कशाची काळजी करू नकोस," ती म्हणाली, "मी आहे ना."

पाच दिवसांनी प्लास्टरचा हात घेऊन ती नवऱ्याबरोबर पोलीस चौकीत गेली. हवालदाराने हॉस्पिटलकडून आलेला कागद काढला. त्यात लिहिलं होतं, 'नातेवाइकांशी बोलताना सिस्टरांचा तोल गेला.' खाली मेट्रनची सही.

"कुठला तोल?" नवऱ्याने विचारलं. "पायाचा की डोक्याचा?"

हवालदाराने कागद पुन्हा वाचला. "ते काही स्पष्ट नाही," तो म्हणाला.

ती सही तिने लगेच ओळखली होती. परीक्षेच्या दिवसांत दोघी एकमेकींच्या वह्यांवर सह्या गिरवत बसायच्या.

तिथून ती थेट मेट्रनच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्याच विचारलं, "हे तू लिहिलंस?"

"वरून सांगितलं होतं. पुढच्या आठवड्यात तपासणीला माणसं येणार आहेत."

"वरच्यांचं नाही विचारत. तुझं विचारतेय."

मेट्रन टेबलावरचे कागद सारखे करत राहिली. "तुझ्यावर चौकशी लावणार होते. ती मी थांबवली. एवढं तरी बघ."

"माझा हात मोडला आणि चौकशी माझी?"

मेट्रनने सारख्या केलेल्या कागदांवर पेपरवेट ठेवला. थोरल्या सिस्टरांना पुढे किती दिवस वाटत राहिलं, तिथे मेट्रन निदान खोटं खोटं तरी रडली असती तर बरं झालं असतं.

साक्षीला कोणी मिळेना. गवंडी म्हणाला, माझा डोळा लागला होता. बापच तो, तिने ते मनाला लावून घेतलं नाही. डॉक्टर म्हणाला, मला काही दिसलं नाही. आणि ते अक्षरशः खरं होतं. मावशी मात्र चौकीत जाऊन, अंगठा न लावता सही करून, सगळं सांगून आली. दुसऱ्या आठवड्यात तिची बदली धुलाईघरात झाली. "कपडे बरे," ती म्हणाली, "निदान शब्द फिरवत नाहीत."

तेवढ्या एका साक्षीवर प्रकरण उभं राहिलं. आठ महिन्यांनी गवंड्याच्या मुलाने कोर्टात गुन्हा कबूल केला आणि चांगल्या वागणुकीची हमी घेऊन त्याला सोडण्यात आलं. बाहेर पायऱ्यांवर तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "सिस्टर, माझं चुकलं. बाबा तिसऱ्यांदा उपाशी होते, माझं डोकंच फिरलं."

"बाबा चालतात का आता?"

"काठी घेऊन."

तिने मान हलवली. त्याच्यावरचा राग आपल्यात फारसा उरला नाही, हे तिचं तिलाच नवल वाटलं. राग होता, पण तो सगळा दुसरीकडे जाऊन बसला होता.

मनगट पूर्ण वळेना, म्हणून तिला लसीकरणाच्या खोलीत दिलं. तिथे ती आता डाव्या हाताने सुई द्यायला शिकली आहे. नव्या मुलींना ती पहिल्या दिवशी एकच सांगते, नातेवाइकांशी बोलताना दार आपल्या पाठीशी ठेवा आणि जे घडेल ते त्याच दिवशी आपल्या हाताने लिहून काढा.

परवा दुपारी खोली रिकामी असताना मेट्रन आली, स्टुलावर बसली.

"दीड वर्ष झालं," ती म्हणाली. "अजून बोलणार नाहीस का माझ्याशी?"

"बोलते की," थोरल्या सिस्टर म्हणाल्या. "कामाचं सगळं बोलते."