वाचायची तेवढी परवानगी

अख्ख्या तुळजापुरात आमच्या काकांसारखा संशयी माणूस सापडायचा नाही. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. बसस्टँडामागे त्यांचं छोटं लॉज आहे. खोल्यांच्या किल्ल्या कायम कंबरेला, गिऱ्हाईक आलं की स्वतः वर जाऊन कुलूप उघडणार आणि आधी आपणच आत डोकावून घेणार. मावशीला फ्रीज उघडायची मुभा कशी मिळाली, याचंच मला नवल वाटतं. पण ज्याच्यावर संशय, त्यालाच पुन्हा आग्रह करकरून जेवायला वाढणार.

अशा माणसाला मी, धाराशिवला संगणकाचं काम करणारी त्यांची भाची, एआय एजंट बसवून दिला. लॉजच्या नंबरवर आलेले निरोप त्यानं वाचायचे, खोली रिकामी आहे का बघायचं, उत्तर पाठवायचं. काकांनी माझ्याकडून त्याच्या परवानग्यांचं एकेक बटण बंद करून घेतलं. "वाचू दे त्याला. वाचल्यानं कुणाचं वाईट होत न्हाय. बोलायचं मात्र मला इचारून." मग काय, एजंट उत्तर लिहून थांबायचा, काका चष्मा शोधायचे, जिना चढून रिकामी खोली डोळ्यांनी बघून यायचे आणि मग 'हो' दाबायचे. मावशी कपाळाला हात लावायची. "लातूरची माणसं दर्शन घिऊन परतीच्या बशीत बसली, तुमचं हो अजून जिन्यातच हाय."

गेल्या नवरात्रात मात्र एकाच खोलीसाठी तीन-चार कुटुंबं सामानासकट जिन्यात उभी राहिली. काकांनी मला बोलावून घेतलं आणि एजंटच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. "कुणी दिली ह्याला परवानगी?" मी दाखवलं. खोली आधीच दिलेली आहे, तरी हो म्हणू का, असं एजंटनं दर वेळी विचारलं होतं, आणि दर वेळी काकांनीच 'हो' दाबलं होतं. काकांनी चहा पिऊन कप खाली ठेवला आणि म्हणाले, "कुणी दिली ह्याला परवानगी?" मावशी तोंडाला पदर लावून आत गेली. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा विसर वाढतच जाणार, याला उतार नाही.

दिवाळीनंतर एका बऱ्या दिवशी काकांनी मला समोर बसवलं. "त्या एजंटला लावलास तोच नियम मला लाव. हो म्हणायचं तुझ्या मावशीकडं दे. उत्तर धाडायचं बी माझं बंद कर."

"काका, तेवढं तरी राहू द्या की."

"न्हाय. मला माझाच भरवसा न्हाय आता."

कंबरेच्या किल्ल्या सोडून त्यांनी मावशीच्या हातात दिल्या. त्यांच्या नावापुढची बटणं मी एकेक करून बंद केली. शेवटचं एक उरलं. "आणि वाचायचं?"

"ते राहू दे. वाचल्यानं कुणाचं वाईट होत न्हाय."

आता रोज सकाळी मी लॉजच्या नंबरवर लिहिते, "काका, चहा झाला का?" माझे निरोप वाचायची एजंटला मी बंदी घातली आहे, मावशीही ते उघडत नाही, म्हणजे वाचल्याची निळी खूण उमटली की ती काकांचीच. थोड्या वेळानं ती उमटते. उत्तर येत नाही. ते मीच बंद केलंय.