दोनच्या खेपेला मी गेले नाही

लग्नाआधीच्या माझ्या बहुतेक भानगडी नवऱ्याला ठाऊक आहेत, पण ही नाही. बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की हीसुद्धा पळवाटच? असू दे. सांगायला बसले आहे तर सांगते.

आमचं गाव गगनबावड्याच्या अलीकडं. मी कोल्हापुरात खोली घेऊन कॉलेज करत होते. आमच्या भागात एसटीपेक्षा वडापवर भरवसा जास्त. वडाप म्हणजे सीट भरेपर्यंत हलत नाही आणि भरल्यावरही आणखी दोघांना कोंबते ती जीप. आमच्या गावची वडाप दत्तूमामांची. मामा आपले म्हणण्यापुरते, नात्यातले नव्हेत. रोज सकाळी त्यांच्या सीटमागच्या आकड्यांना आठ-दहा डबे लटकलेले असायचे — शिकणाऱ्या पोरांचे, दवाखान्यात पडलेल्यांचे. शिवाय कुणाची औषधं, कुणाचा दाखला, कुणाचा तोंडी निरोप. याचं ते काही घेत नसत. आईनं एकदा चहापाण्याला म्हणून पैसे पुढं केले, तर दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

माझा डबा ते खोलीच्या दारापर्यंत आणून द्यायचे, भाकरी गार होऊ नये म्हणून टॉवेलात गुंडाळून. मी कधी आत या म्हटलं नाही. पाणीसुद्धा विचारलं नाही. ते त्यांचं कामच आहे असं मी धरून चालले होते.

आणि आत्ती. माझ्या वडिलांची, आबांची, थोरली बहीण, नवरा गेल्यावर माहेरी परतलेली. आई रानात आणि गोठ्यात, त्यामुळं मला वाढवलं ते आत्तीनं. माझी वेणी घालताना ती इतकी करकचून ओढायची की डोळ्यांत पाणी यायचं. त्या पावसाळ्यात ती अंथरुणाला खिळली होती.

एक दिवस सकाळी मामा डबा घेऊन आले आणि दारातच थांबले. "पोरी, आत्तीचं काय खरं न्हाय. सारखं तुझंच नाव घेतीया. आबानं बोलीवलंय. दोनच्या खेपंला ये, तुझी सीट ठेवतो."

मी हो म्हटलं. अगदी मान हलवून.

त्या दिवशी आम्हा मैत्रिणींचं पन्हाळ्याला जायचं ठरलं होतं. धुकं, भजी, फोटो. मी नवा ड्रेस इस्त्री करून ठेवला होता. — तुम्हाला वाटत असेल, काहीतरी मोठं आड आलं असेल. परीक्षा, आजारपण? नाही. ड्रेस होता. आत्ती याआधीही दोनदा अशीच खालावून उठली होती, उद्या जाऊ, असं मी मनाशी म्हटलं आणि एकच्या बसनं पन्हाळ्याला गेले. आईचा डबाही बरोबर नेला. तटावर बसून आम्ही सगळ्यांनी खाल्ला, मजेत.

आत्ती त्याच दुपारी गेली.

मला कळलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. माझ्याकडं फोन नव्हता. कॉलेजच्या मुलीला फोन कशाला, हा आबांचा कायदा. कुणी सांगितलं नसताना मामा पहाटेच गाडी काढून आले होते. आदल्या संध्याकाळी ते गावात पोचले तेव्हा सगळे स्मशानात होते, त्यामुळं निरोपाची विचारपूस कुणी केलीच नव्हती. मला त्यांनी पुढं बसवलं. वाटेत माणसं हात करत होती, त्यांनी एकालाही घेतलं नाही. ओळखीच्या थांब्यांवरूनही गाडी तशीच पुढं काढली. मग म्हणाले, "रडून घे. कोन न्हाय गाडीत."

काल का आली नाहीस, हे त्यांनी विचारलं नाही.

आता ते सांगते, ज्याच्यासाठी एवढा वळसा घातला.

दारात माणसं बसली होती. मी उतरले तसे आबा उठले. त्यांचे डोळे सुजले होते. सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, "काल दत्तूनं निरोप दिला न्हाय तुला?"

मामा माझ्यामागं होते. हातात माझी पिशवी होती.

"न्हाय," मी म्हणाले.

एकच शब्द. कुणी बळजबरी केली नव्हती, जीभ घसरली नव्हती. मी ठरवून म्हणाले. मग मागं वळून पाहिलं — का पाहिलं? ते खरं सांगतात की काय, या भीतीनं. मामांनी माझ्याकडं बघितलं, पिशवी ओट्यावर ठेवली आणि आबांना म्हणाले, "व्हय. माझ्याच ध्यानातनं गेलं."

आबा त्यांना काय काय बोलले ते मी इथं लिहीत नाही. मामा मान खाली घालून ऐकत राहिले आणि मी आईच्या गळ्यात पडून रडत होते. रडणं खोटं नव्हतं, पण ते सोयीचंही होतं.

माणूस मरणाला टेकलेलं असताना दत्तू निरोप विसरला, ही गोष्ट गावात लगेच पसरली. लोकांनी डबे दुसऱ्या वडापवाल्याकडं द्यायला सुरुवात केली. आधी आबांनी, मग एकेकानं. दिवाळीच्या सुट्टीला मी त्यांच्या गाडीत बसले तेव्हा सीटमागचे आकडे रिकामे होते. मामांनी मला बसायला नीट जागा करून दिली, अभ्यास विचारला.

पुढं बऱ्याच वर्षांनी वाटेतल्या गावच्या एक शिक्षिका मला सहज बोलता बोलता म्हणाल्या की एका पावसाळ्यातली दत्तूची दोनची खेप त्यांच्या अजून लक्षात आहे. गाडी भरली होती, माणसं कावली होती, तरी हा शेजारच्या सीटवर टॉवेल टाकून तासभर रस्त्याकडं बघत उभा. मी हसले आणि विषय बदलला.

मागच्या महिन्यात आबांना डोळे दाखवायला कोल्हापुरात आणलं होतं. थांब्यावर मामा भेटले. गाडी आता त्यांचा मुलगा चालवतो, ते नुसते येऊन बसतात. आबांनी तोंड फिरवलं. मामा मला म्हणाले, "बरी हाईस न्हवं?" मी बरी आहे म्हटलं. नंतर आबांनी रागानं विचारलं, त्या माणसाशी काय बोलायचं असतं? मी म्हटलं, ओळखीचे आहेत, दिसले म्हणून बोलले.

आबा आहेत. मामा आहेत. गावात दोघांच्या घरांमध्ये चार घरं आहेत. परवा मी तिथंच होते, दोन दिवस राहिले, आणि परत आले.